२० ही संख्या कोणापासून होते?

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हटकून फिरतो: गणितात नवे सुचणे ही जन्मजात देणगी आहे, ती तिशीच्या आतच फळते, सुचणेही विजेसारखे एका क्षणी घडते, तेव्हा बाकीच्यांनी मुकाट्याने सूत्रे पाठ करावीत.

वयाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. ज्यांच्यातील अंतर ७ कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, हे यितांग झांग यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले, तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ६१७४ चा गुणधर्म १९४९ मध्ये मांडला, तो वयाच्या ४४ व्या वर्षी. (सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा, शेवटी ६१७४ येतात.)

देणगीचे म्हणाल, तर ती काहींना असते, रामानुजनांना होतीच; पण तिच्यावाचून काहीच सुचत नाही, हे खरे नाही. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवीही नव्हती. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या मिळते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवा, २१ येतात. त्यांनी हाच प्रश्न उलटा विचारला: २० कोणापासून होते? १४ पासून १९ होतात, १५ पासून २१, आणि एकेक संख्या तपासत गेले तरी २० कुठेच सापडत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले आणि देवळालीचेही नाव दिले. यातली बेरीज तिसरीच्या मुलालाही येते. नवे आहे ते उलटे विचारणे.

विजेच्या कथेत आयरिश गणिती हॅमिल्टन हमखास येतात. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना त्यांना चतुर्दलांचे, म्हणजे चार घटकांच्या संख्यांच्या गुणाकाराचे, सूत्र सुचले आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरले, हे खरेच. पण त्याआधी कित्येक दिवस त्यांची मुले सकाळी न्याहारीला विचारत असत, ‘बाबा, त्रिकुटांचा (तीन घटकांच्या संख्यांचा) गुणाकार जमला का?’, आणि उत्तर नकारार्थी असे, हे त्या मजकुरात नसते.

राहिले पाठांतर. पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझे भांडण नाही. मात्र दोन संख्यांची अदलाबदल केली तरी गुणाकार बदलत नाही, हा शाळेत घोकलेला नियमच हॅमिल्टन यांना त्या दिवशी सोडून द्यावा लागला होता.