‘बिनधास्त घुसवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा भाचा. मेसेज असा : “२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कसलाच नियम नाही. आतषबाजीत मधोमध बिनधास्त घुसवा, उडत्या ड्रोनला फटाका लागत नाही. भीती वाटली तर फटाक्यांच्या वर ठेवा. सिग्नल गेला तर ड्रोन आपोआप परत येतो. कॅमेरा ऑटोवर टाका. पार्टीला हाच शॉट लागतो.”

(पार्टी म्हणजे आम्हाला काम देणारं गिऱ्हाईक.) सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच पोरं फसतात.

“२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कसलाच नियम नाही”

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात बसतो. त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विम्याची सक्तीही नाही. इथवर मेसेज बरोबर. पण ही सूट कागदांची आहे, आकाशाची नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, ही मर्यादा त्यालाही आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि त्याहून आत परवानगीशिवाय काहीच नाही. मग ड्रोन पाव किलोचा असो नाहीतर कपाशीवर फवारणी करणारा असो.

जळगावचं विमानतळ कुसुंब्याला आहे. शहरातली किती लॉन्स आणि मंगल कार्यालयं त्या वर्तुळात येतात, ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटच्या नकाशावर एकदा बघा, झोप उडेल. भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरला वीज केंद्र. तिकडचं काम असलं तर मी आधी नकाशा उघडतो, मग ॲडव्हान्स घेतो. शिवाय सणासुदीला पोलीस एखाद्या भागापुरता तात्पुरता रेड झोन (ड्रोनला मनाई असलेला पट्टा) लावू शकतात, कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) ड्रोनबंदीचे आदेशही निघतात. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. तुमचा ड्रोन किती ग्रॅमचा, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

आणि “विमा लागत नाही” याचा आनंद मानणाऱ्यांना एकच सांगतो. कुणाच्या गाडीची काच फुटली, कुणाचं डोकं फुटलं, तर पैसे आपल्याच खिशातून जातात.

“उडत्या ड्रोनला फटाका लागत नाही”

या समजाचं मूळ बहुतेक २०१४ च्या त्या व्हिडिओत आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच शहरात एकानं फँटम २ ड्रोनला गोप्रो लावून तो आतषबाजीतून फिरवला, आणि व्हिडिओ जगभर गेला. व्हिडिओ झकास आहे, नाही म्हणत नाही. पण तो आपल्याला दिसला, कारण तो ड्रोन परत आला. जे पडले त्यांचं मेमरी कार्ड कुठल्या नाल्यात नाहीतर केळीच्या बागेत गेलं असेल, त्याचा व्हिडिओ कोण टाकणार?

लागायला फार काही लागतही नाही. आपल्या ड्रोनचे पंखे प्लास्टिकचे. एका पात्याला ठिणगीनं भोक पडलं किंवा आकाशात फुटणाऱ्या गोळ्याच्या पुठ्ठ्याचा जळता तुकडा आदळला, की तोल गेला. चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनला तीन पंख्यांवर तरंगता येत नाही, तो गिरक्या घेत खाली येतो. समोरच्या सेन्सरवर भरवसा ठेवू नका. बहुतेक ड्रोनमध्ये त्याला बघायला उजेड लागतो; रात्री तो आंधळा, आणि ठिणगी त्याला दिवसाही दिसत नाही.

“फटाक्यांच्या वर ठेवा”

किती वर? मोठ्या शोच्या गोळ्यांचा ढोबळ हिशोब इंचाला शंभर फूट. तीन इंची गोळा तीनशे फुटांच्या आसपास फुटतो, चार इंची चारशेच्या. म्हणजे कायद्यानं जिथे तुमचं आकाश संपतं, नेमका तिथेच गोळ्याचा स्फोट. सहा इंची त्याच्याही वर जाऊन फुटणार, आणि ठिणग्या काही फक्त खाली पडत नाहीत, चहूकडे जातात. गल्लीतल्या १२० शॉटच्या डब्याची झेप यापेक्षा कमी असते, पण तो डबा कलंडला की शॉट कुठे जाईल ते डबा ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

“सिग्नल गेला तर ड्रोन आपोआप परत येतो”

हे वाक्य मला महागात पडलंय, म्हणून इथे जरा थांबतो.

तुळशीचं लग्न लागून आठवडा झाला होता. पारोळ्याकडच्या एका गावात वरात. मी मंडपाजवळ उभा, समोर चौकात शॉटचे डबे मांडलेले, आणि नवरदेवाची घोडी समोरून घ्यायची म्हणून ड्रोन चौकाच्या पलीकडे नेलेला. दोन-अडीचशे माणूस, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मध्ये घरं. स्क्रीन थिजली. मी निवांत, कारण येईलच की परत.

आला ना. पण कसा? परत यायची उंची मी चाळीस मीटर लावलेली होती. ड्रोन सरळ चाळीस मीटरवर चढला, वळला, आणि नाकासमोर, जिथून उडवला त्या जागेकडे, निघाला. त्या सरळ रेषेत चौक होता. डबे त्याच वेळी पेटले होते. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं, रेषा मी चुकीची आखली होती.

अंधारातून एका पोराची आरोळी आली, “भो, तुन्हं पाखरू धाबावर पडनं रे!” धावत गेलो. ड्रोन एका घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, पडला होता आणि त्याच घराच्या ओट्यावर वेचणीचा कापूस छातीएवढा रचलेला. बॅटरी लिथियमची. ती चेपली, फुटली की भडकते, आणि भडकली की सहजासहजी विझत नाही. तिला फक्त खरचटलं होतं. घरातल्या माउलीनं चहा दिला, पण तो घशाखाली उतरेना.

तेव्हापासून मी, ड्रोन आणि उड्डाणाची जागा हे तिन्ही आतषबाजीच्या एकाच बाजूला ठेवतो. ड्रोन आणि मी यांच्यामध्ये फटाका येता कामा नये. सेटिंगमध्ये सिग्नल गेल्यावर ‘परत ये’ऐवजी ‘जागेवर थांब’ असाही पर्याय असतो. मोकळ्या शेतावर तो बरा पडतो, कारण चार पावलं पुढे गेलं की सिग्नल पुन्हा मिळतो.

“कॅमेरा ऑटोवर टाका”

वरचं सगळं पाळूनही इथे काम मातीत जातं. ऑटो कॅमेरा काळं आकाश बघून आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवत जातो, आणि गोळा फुटतो तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा भडका. फटाक्याचे रंग धातूंच्या क्षारांचे असतात : लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. निळा मुळातच फिका, तो सगळ्यात आधी धुऊन जातो. ज्या निळ्यासाठी पार्टीनं जास्त पैसे मोजले, तोच आपल्या व्हिडिओत पांढरा.

मॅन्युअलवर या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचं लाइटिंगही लुकलुकत नाही. आयएसओ १०० ते ४०० च्या पुढे नेऊ नका, आकाश काळं दिसलं तर दिसू द्या, ते काळंच असतं. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) एका आकड्यावर बांधा. फोकस आधी लांबच्या खांबावरच्या दिव्यावर लावून कुलूपबंद करा, नाहीतर तो ऐन वेळी शोधाशोध करत बसतो.

मग धूर. दिवाळीच्या थंड, पडल्या हवेत धूर वर जात नाही, गावावर बसून राहतो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं आकाश स्वच्छ, पुढे सगळं कापूस पिंजल्यासारखं. मी आधी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघतो आणि वारा पाठीवर घेऊन उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० ची वेळ ठरवून दिली, तेव्हा सगळा धूरही त्याच दोन तासांत. बॅटरी पहिल्या मिनिटांसाठी राखून ठेवा.

“पार्टीला हाच शॉट लागतो”

गोळा फुटतो तो चेंडूसारखा, कुठल्याही बाजूनं बघा, गोलच दिसतो. आत शिरलात तर तो गोल हरवतो आणि हातात चार रेघा येतात. आणि मागे काहीच नसतं, त्यामुळे गोळा केवढा ते कळत नाही.

त्या पारोळ्याच्या पार्टीला मी दोन क्लिप पाठवल्या होत्या. एक पडण्याआधीची, ठिणग्यांतली. दुसरी संध्याकाळी दोनशे मीटर लांबून शेताच्या बाजूनं घेतलेली : खाली मारुतीच्या देवळाचा कळस, धाब्यांवर उभी माणसं, आणि वर पहिलाच लाल गोळा. नवरदेवाच्या वडिलांनी दुसरी ठेवली. “या धाब्यावर आमची माय उभी आहे,” म्हणाले, “जरा मोठं करून दाखव.”