‘एक साइझ मोठं घ्या’ म्हणणाऱ्या दादांना

मागच्या लेखाखाली आलेल्या एका प्रतिक्रियेला तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते. त्या एवढ्या वाढल्या की वेगळं टाकणंच बरं. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकातल्या लढायांचं रीइनॅक्टमेंट, म्हणजे त्या काळचे पोशाख-हत्यारं घेऊन लढाई पुन्हा उभी करण्याचा खेळ, करताना चिलखताखाली घालायचं गॅम्बेसन, म्हणजे आत भरण घालून टिपलेला जाड अंगरखा, आणि चामड्याचे तुकडे अंगाला बसणारे कसे निवडावेत, हा विषय होता. त्यावर ‘एक जुना वाचक’ यांनी लिहिलं:

“ताई, शिवणाचा क्लास आवडला. गॅम्बेसन एक साइझ मोठं घ्यायचं, कमरेला पट्टा आवळायचा, आणि चामडं तर वापरून आपोआप अंगाला बसतं; एवढ्याशा गोष्टीचं केवढं शास्त्र! किमती कुठेच नाहीत. हेल्मेटखालच्या टोपीचा उल्लेख नाही. भारतातून मागवलं तर निम्म्यात येतं. आणि मराठी बाईला इंग्रजांच्या भाऊबंदकीत तलवार चालवायची हौस का, हे कळलं नाही.”

किमती दिल्या नाहीत, हे खरं. द्यायला हव्या होत्या, मान्य. पुढच्या वेळी देईन.

आता ‘शिवणाचा क्लास’. दादा, (आपण ताई म्हणालात, तर मीही नातं पाळते) हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर आपण त्याला ‘अभ्यासपूर्ण’ म्हणाला असता की नाही, हे मनाशी तपासून बघा. पोलाद ठोकणं म्हणजे इतिहास आणि सुई-दोरा म्हणजे बायकांचा वेळ घालवण्याचा धंदा, हे आपण म्हटलेलं नाही, ठाऊक आहे मला. पण वाक्याचा सूर लपत नाही. आणि शिवण म्हणून हिणवायचंच असेल, तर माझ्या वडिलांचं मिरजेत शिवणकामाचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर मी तिथेच बसायचे. काज करायला, हुक लावायला आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर टेप धरायला मी शाळेच्या पाढ्यांबरोबरच शिकले. तेव्हा या क्लासची फी माझी भरून झालेली आहे.

‘एक साइझ मोठं’ घेतलं की काय होतं, ते सांगते. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, एक बोट खाली उतरला, तर फळीवरचा डबा काढायला हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. हे कुठल्याही मराठी बाईला विचारा, फार तर आपल्या घरीच विचारा. गॅम्बेसनचंही तेच, फक्त इथे कापड जाड, ताठ, आणि वर पोलादाचं ओझं. मोठ्या साइझमध्ये छातीचा घेर वाढतो, तसा खांदाही रुंद होतो आणि मुंढाही खाली जातो. खांद्याची शिवण दंडावर येते. हात उचलला की बाही कपड्याच्या अंगाला ओढते, ते अंग खालच्या घेराला ओढतं आणि कॉलर हनुवटीला जाऊन भिडते. पट्टा आवळल्याने ढिलेपणा जात नाही, तो पोटाशी आणि पाठीशी चुण्या होऊन गोळा होतो. त्या चुण्यांवर छातीचा पत्रा बसवून दोन तास मैदानात उभं राहून बघा. कापसाची भरण असलेली एक चुणी बरगडीवर काय करते, ते मग मला सांगायची गरज उरणार नाही.

आणि हे शहाणपण माझं नाही, मिरजेचंही नाही. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला एक हुकूम आहे. सैनिकांचे जॅक, म्हणजे गॅम्बेसनसारखेच जाड थरांचे अंगरखे, कसे असावेत याचा. कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं, एवढं बहुतेकांना पाठ असतं. पुढचं कोणी वाचत नाही. त्यात मुंढ्याबद्दल सांगितलं आहे: मुंढा मोठा हवा, पण तो कॉलरजवळ असावा, खांद्याच्या हाडावर नव्हे. काखेत मोकळा, हाताखाली भरपूर. राजाच्या हुकमात मुंढ्याची जागा! म्हणजे ‘एवढ्याशा गोष्टीचं शास्त्र’ करणारी मी पहिली नाही, दादा. माझ्याआधी एक राजा आहे.

१३६४ साली औरेच्या लढाईत मारला गेलेला फ्रेंच सरदार शार्ल द ब्ल्वा याचा म्हणून ओळखला जाणारा अंगरखा फ्रान्समधल्या लिओंच्या संग्रहालयात आहे. त्याचे फोटो जरूर बघा. रेशमावर सिंह आणि गरुड आहेत, ते नंतर बघा. आधी बाही बघा. मुंढा छातीवर आणि पाठीवर आत खोल कापलेला आहे आणि त्या मोठ्या गोलात बाही बसवली आहे. अंगाला घट्ट, तरी हात मोकळा. दुकानात टांगलेल्या एल-एक्सएलमध्ये हा काप सहसा नसतो, कारण तो सरसकट सगळ्यांना बसवता येत नाही. दुकानात घालून बघताना दोन्ही हात डोक्यावर न्या आणि खालच्या काठाकडे बघा. काठ वितभर वर गेला, तर कपडा परत करा. साइझच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघूही नका.

मापाचीही एक गंमत. भरण घालून टिपा मारल्या की कापड आटतं, रुंदी कमी होते. म्हणून आधी टिपून मग कापायचं, नाहीतर कापताना तेवढं कापड जास्त धरायचं. माप घ्यायचं ते आत घालायच्या लिननच्या शर्टावरून. वडील असते तर म्हणाले असते, यात सांगण्यासारखं काय आहे. पण आपल्याला सांगावं लागतंय.

आता ‘चामडं आपोआप बसतं’. कुठलं चामडं? जोडा बसतो, हातमोजा बसतो, पट्टा वळण घेतो. पण झाडाच्या सालीने कमावलेलं जाड चामडं ओलं करून साच्यावर आकार देऊन, तापवून कडक केलेलं असेल, तर ते आपल्या दंडाला बघून नरम पडणार नाही. तापवताना ते आटतं, म्हणून आकार मोठा कापावा लागतो, आणि एकदा कडक झालं की झालं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ राहतं खरं, पण ती पद्धतच एकोणिसाव्या शतकातली, आणि ते असं कडकही होत नाही. माझ्या दंडावरचा तुकडा कोपराकडे दोन बोटं लांब होता. हात दुमडला की त्याची कड बरोबर कोपराच्या आतल्या मऊ जागी रुतायची. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी निळं. वापरून तो बसला नाही. शेवटी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, कड उतरवून, घासून, मेण लावून घेतली, तेव्हा बसला.

लेस्टरशरमधल्या एका मैदानावर ऑगस्टच्या उन्हात मी एक पोरगा बघितला. नवं कोरं गॅम्बेसन, दोन साइझ मोठं, पट्टा करकचून. बिल नावाचं लांब दांड्याचं हत्यार त्याने वर उचललं मात्र, कॉलर वर सरकली, कॉलरने हनुवटीपुढचा पत्रा ढकलला, पत्रा शिरस्त्राणाला भिडला आणि बघायची फट बुजली. समोर माणसं हत्यारं घेऊन उभी, आणि हा आंधळा! पंचांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यालाही कोणीतरी ‘मोठं घे, पट्टा आवळ’ असंच सांगितलं असणार. आपणच होतात का हो?

बाकीचं. टोपीचा लेख वेगळा येणार आहे, तसं त्या लेखाच्या शेवटी लिहिलंही होतं. शेवटपर्यंत वाचायचं असतं. भारतातून मागवण्याबद्दल म्हणाल, तर इथल्या दुकानांतला बराच माल डेहराडून-रुडकीकडूनच येतो. स्वस्त की महाग हा प्रश्न वेगळा, मुंढा कुठे आहे हा वेगळा. आणि हौस का, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. शनिवारी टेकडीवर ट्रेक करणाऱ्याला आपण असं विचारता का?

पुन्हा लिहाल तेव्हा साइझ लिहू नका. मुंढ्याचा घेर इंचांत लिहा आणि टेप खांद्यावर कुठे टेकवली होती तेही लिहा.