मांजराच्या अ‍ॅलर्जीवरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: मांजराची अ‍ॅलर्जी केसांमुळे होते, म्हणून केस बारीक कापा किंवा बिनकेसाची जात आणा. दर रविवारी शाम्पूने आंघोळ घाला. महिनाभर दम धरा, सवय होते, तोवर रोज एक गोळी घ्या. आणि एवढं करूनही शिंका थांबल्या नाहीत तर मांजर मच्छी मार्केटात सोडून या, दोन दिवसांत बरं वाटेल.

मला मांजराची अ‍ॅलर्जी आहे आणि माझ्या घरात मांजर आहे. या मेसेजचा मला राग येतो, कारण त्यातले आधीचे उपाय फसतात आणि मग माणसं शेवटच्या उपायाकडे वळतात.

केसांपासून सुरुवात करू, सगळा गोंधळ तिथूनच होतो. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः एका प्रथिनाची, त्याचं नाव फेल डी १. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्याच्या बारीक कणांवर बसून ते प्रथिन हवेत जातं. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगत राहतात, कपड्यांना चिकटतात. ज्या घरात कधी मांजर नव्हतं तिथल्या धुळीतही ते सापडलंय. केस भादरले तरी जीभ आणि त्वचा तिथेच असते. बिनकेसाच्या स्फिंक्सच्या अंगावरही हे प्रथिन असतं. अजिबात अ‍ॅलर्जी न होणारी जात कुठलीच नाही, त्यामुळे तसं सांगून कुणी महागडं पिल्लू विकत असेल तर घेऊ नका. मांजरा-मांजरात फरक मात्र असतो. नसबंदी न झालेला बोका हे प्रथिन जास्त तयार करतो, नसबंदीनंतर प्रमाण घटतं. नसबंदी तर एरवीही करायलाच हवी.

आंघोळीने प्रथिन कमी होतं, पण काही दिवसांतच पूर्ववत होतं. तेवढ्यासाठी घाबरलेल्या मांजराला दर आठवड्याला बादलीत बुचकळणं मला पटत नाही.

सवयीचं म्हणाल तर काही जणांची लक्षणं सहवासाने सौम्य होतात, हे खरं. पण कुणाची होतील हे आधी सांगता येत नाही. ज्याला दमा आहे त्याने सवयीची वाट पाहणं धोक्याचं, कारण शिंका कमी झाल्यासारख्या वाटल्या तरी श्वासनलिकांची सूज वाढत राहू शकते. रात्री खोकला येत असेल, छातीत घरघर होत असेल, तर आधी छातीचा डॉक्टर गाठा.

आणि ती रोजची गोळी. आपल्याकडे मेडिकलवाल्याला ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा मॉन्टेल्युकास्ट आणि लिव्होसेट्रिझिनची एकत्र गोळी हातात पडते. मॉन्टेल्युकास्टमुळे काहींच्या झोपेवर आणि मनःस्थितीवर गंभीर परिणाम होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ती मनाने महिनोन्‌महिने घ्यायची गोष्ट नाही. नाक चोंदत असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे गोळीपेक्षा सहसा जास्त उपयोगी पडतो, पण तो नियमित मारावा लागतो.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न मेसेज विचारतच नाही: अ‍ॅलर्जी नक्की मांजराचीच आहे का? मुंबईच्या दमट हवेत गादी-उशांत धुळीतले सूक्ष्म किडे पोसले जातात, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, झुरळं आहेतच. शिंका यांच्याही असू शकतात आणि आळ मांजरावर येतो. त्वचेवर थेंब टाकून टोचण्याची चाचणी असते, साधारण वीस मिनिटांत कळतं. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

मांजराचीच निघाली तर? ‘मांजराला बेडरूममध्ये येऊ देऊ नका’ हा सल्ला योग्य आहे, पण वन रूम किचनमध्ये बेडरूम आणायची कुठून? तिथे अंथरूण हीच बेडरूम समजा. दिवसा गाद्या-उशा दिवाणात किंवा कपाटात बंद, त्यांना घट्ट विणीच्या खोळी, चादरी आठवड्याला गरम पाण्यात. मांजराची गोधडी वेगळी, खिडकीजवळ. कापडी सोफा असेल तर बदलायला तोच पहिला, रेक्झिन किंवा वेत चालेल. कोरड्या झाडूने कण पुन्हा उडतात, ओल्या फडक्याने पुसा. खिडक्यांना मजबूत जाळी बसवा, म्हणजे हवा खेळेल आणि मांजर वरच्या मजल्यावरून पडणार नाही. परवडत असेल तर हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर झोपायच्या जागी लावा. केस विंचरणं आणि शीचा ट्रे साफ करणं घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. मांजराला कुरवाळल्यावर हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. यातला एकेक उपाय तोकडा आहे, सगळे मिळून फरक पडतो.

आता मच्छी मार्केट. मांजर गेल्यावर दोन दिवसांत बरं वाटेल हे साफ खोटं आहे. घरातलं प्रथिन मांजर नसलेल्या घराइतकं खाली यायला चार ते सहा महिने लागू शकतात. घरात वाढलेलं मांजर बाजारात टिकत नाही. तिथल्या मांजरांच्या हद्दी ठरलेल्या असतात, कुत्री असतात, टेम्पोंची ये-जा असते आणि आपलं मांजर कोपऱ्यात उपाशी बसतं. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला कारणाशिवाय टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

कधी कधी मांजर दुसरीकडे द्यावंच लागतं. औषधं घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, विशेषतः लहान मुलाचा, तर मुलाचा श्वास आधी. त्यात मांजरावरचं प्रेम कमी पडलं असं कुणी म्हणू नये. पण आधी घर शोधा: मावशी, ऑफिसातलं कुणी, मांजरांसाठी काम करणारे स्वयंसेवक. नसबंदी आणि लसीकरण पूर्ण करून, मांजराची गोधडी आणि नेहमीचं खाणं सोबत देऊन पाठवा. मांजर गेल्यावर पडदे, गाद्या, सोफा धुऊन-पुसून घ्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत मुलाचा इनहेलर बंद करू नका.