तीन नंबरचं इंजिन

प्लॅस्टिकचं विमान बनवणाऱ्या माणसाला जग एकच प्रश्न विचारतं, "उडतं का?" नाही म्हटलं की लगेच दुसरा, "मग?" या 'मग'चं तोंड बंद करायला या खेपेला मी मोटरीवर पंखे फिरणारं विमान करायला घेतलं.

विमान निवडलं बोइंगचं बी-17, म्हणजे 'फ्लाइंग फोर्ट्रेस'. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर; अशी 12,731 बनली. 1/48 प्रमाणात त्याच्या पंखांचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा विस्तार जवळपास 66 सेंटिमीटर होतो. आकडा वाचताना निरुपद्रवी वाटतो. विमान जोडल्यावर लक्षात येतं, की घरात एवढी मोकळी जागा फक्त छताला आहे आणि तिथे आधीपासून एक पंखा फिरतोय.

बरं, युद्धातलं विमान कोरं करकरीत कसं दाखवणार? गोळ्यांची भोकं हवीत, फाटका पत्रा हवा, काजळी हवी. इथे पहिली गोची होते. मोटर म्हणते विमान धडधाकट आहे, भोकं म्हणतात ते संपलं. दोघांचं जमवायचं तर विमानाची दुर्दशा नेमकी तेवढीच करावी लागते, जिच्यातून ते परत येऊ शकेल. म्हणजे मोडतोडीलाही अभ्यास आला.

आणि अभ्यास म्हटला की अब्राहम वाल्ड आलाच. 1943 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हा संख्याशास्त्रज्ञ लष्करासाठी हिशेब मांडत होता. परतलेल्या विमानांवरची भोकं सगळ्यांनाच दिसत होती. वाल्डनं विचार केला न परतलेल्यांचा. इंजिनांवर भोकं कमी दिसतात, कारण इंजिनाला लागलेली बरीच विमानं मोजायला उरलेलीच नाहीत. (हाच वाल्ड 1950 साली भारताच्या दौऱ्यावर असताना निलगिरीत विमान अपघातात गेला. नियतीची विनोदबुद्धी माझ्याहूनही वाईट आहे.) तर वाल्डला स्मरून ठरवलं: भोकं धडावर, पंखांच्या टोकांना, शेपटीवर. इंजिनांच्या केसालाही धक्का लावायचा नाही.

मेहुण्याला हे फारच मिळमिळीत वाटलं. "दाजी, शेपूटच उडवा की अर्धी!"

तसं खरंच घडलंय. 1 फेब्रुवारी 1943 ला ट्युनिसियावर एका बी-17ला जर्मन लढाऊ विमान धडकलं, शेपटीकडचा भाग जवळजवळ कापला गेला आणि तरीही ते अल्जीरियातल्या बिस्क्राला सुखरूप उतरलं. फोटो आहेत. पण तसंच्या तसं मॉडेल करून कपाटात ठेवलं, तर बघणारा हळहळून म्हणणार, "अरेरे, खाली पडलं वाटतं?"

भोक पाडणं हा काय प्रकार आहे ते पाडल्याशिवाय कळत नाही. तापवलेली सुई खुपसली की भोक पडतं खरं, पण कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकची वळी उठते. ॲल्युमिनियमचा पत्रा असा वितळत नाही, फाटतो. गोळी शिरते तिथे कड आत वळते, बाहेर पडते तिथे पाकळ्या बाहेर उमलतात. त्यासाठी धडाचं अर्धुक उताणं धरून आतल्या बाजूनं बारीक ड्रिलनं घासत राहायचं, प्लॅस्टिकमधून दिव्याचा उजेड दिसेपर्यंत. मग टाचणीनं टोचायचं आणि ब्लेडच्या टोकानं एकेक पाकळी श्वास रोखून वळवायची. सुकाणूची तऱ्हा आणखी वेगळी. त्यावर पत्रा नसून कापड असायचं, त्यामुळे तिथे पाकळ्या चालत नाहीत, चिंध्या लागतात आणि चिंध्यांमागे फासळ्या दिसाव्या लागतात. किटमध्ये फासळ्या नसतात. म्हणजे बाहेरून फाडायचं तर आधी आतून बांधा.

अशीच एक पाकळी वळवत असताना बायको मागे येऊन उभी राहिली. "नवंकोरं आणलंस ते भोकं पाडायला?" मी तिला वाल्ड समजावून सांगितला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि टेबलावरचा भुसा पुसायला फडकं हातात दिलं.

मोटरींचा ताप वेगळाच. ड्रोनमधल्या इवल्याशा मोटरी इंजिनाच्या कवचात चपखल बसतात, पण त्यांचा वेग असा की पंखा दिसेनासा होतो आणि विमान थरथरत टेबलाच्या कडेकडे निघतं. खऱ्या बी-17चं राइट सायक्लोन इंजिन मिनिटाला 2,500 फेरे घ्यायचं तेव्हासुद्धा मधल्या गिअरमुळे पंखा 1,400च्या आसपासच फिरायचा. म्हणून गिअरवाल्या मोटरी आणल्या. त्यांना जोडायची वाइंडिंग वायर इतकी बारीक, की तिच्यावरची लाख खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि खरवडली की वायरच तुटते. सेल ठेवले बॉम्बच्या कप्प्यात. बटण म्हणून पोटाखालचा गोल टर्रेट, म्हणजे बंदुकांचा फिरता गोळा, वापरला, तो फिरवला की पंखे सुरू. यावर मी बेहद्द खूश आहे, आल्यागेल्याला आधी तेच दाखवतो.

बी-17चे चारही पंखे एकाच दिशेनं फिरतात, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखे. मुलानं टिश्यू पेपरची पट्टी एकेका पंख्यामागे धरली. दोन ठिकाणी ती मागे उडाली, दोन ठिकाणी पंख्याकडेच ओढली गेली. "बाबा, हे जागच्या जागी गोल फिरणार." वायरी उलटसुलट केल्या, चारही पट्ट्या मागे उडाल्या, मग पंख चिकटवून बंद केले, सांधे घासले, रंग दिला.

आणि तीन नंबरचं इंजिन बंद पडलं.

इंजिनं पायलटच्या डावीकडून मोजतात. तीन नंबर म्हणजे उजव्या पंखातलं आतलं. वायर आत कुठेतरी सुटली होती आणि पंख कायमचा मिटलेला. घरातल्या सगळ्यांना एकाच क्षणी एकच उपाय सुचला, "म्हणायचं गोळी लागली!" पण बंद इंजिनाचा पंखा नुसता थांबवून भागत नाही. पायलट त्याची पाती फेदर करतो, म्हणजे धार वाऱ्याकडे येईल अशी वळवतो, नाहीतर ती वारा अडवत बसतात. तेव्हा तिन्ही पाती मुळाशी कापली, वळवली, पुन्हा चिकटवली. कवचाला काजळी फासली, मागे तेलाचे ओघळ सोडले, वाल्डची मनोमन माफी मागितली. काम इतकं झकास उतरलं, की मोटर बिघडली ते बरंच झालं असं वाटू लागलं.

मेहुणा बघायला आला. मी ऐटीत टर्रेट फिरवला. तीन पंखे सुरू झाले. त्यांच्या थरथरीनं आतली वायर कुठेतरी टेकली असावी, कारण चौथाही सुरू झाला. जळकं, तेल ओकलेलं, मयत इंजिन गरगर फिरत होतं, आणि बाकी तिघांपेक्षा जोरात.

"दाजी, लागलेलंच भारी आहे की!"

पुन्हा पुस्तकं काढली, आणि सुटका सापडली. पाती फेदर करायला तेलाचा दाब लागतो. तेलच गळून गेलं तर पाती वळत नाहीत आणि समोरच्या वाऱ्यानं पंखा आपोआप फिरत राहतो. बी-17च्या वैमानिकांना या प्रकाराची धास्ती असायची. म्हणजे माझं तीन नंबर इतिहासाला धरूनच वागत होतं! पाती परत कापून मूळच्या कोनात बसवली.

मुलगा म्हणाला, "पण वारा कुठाय? हे तर चाकांवर उभं आहे."

चाकं सुपरग्लूनं चिकटवलेली, ती आता ब्रह्मदेव आला तरी निघणार नव्हती. मग ठरलं, विमान उतरतंय. चाकं बाहेर आलीत, पण अजून टेकलेली नाहीत. पोटाखाली पितळी नळीचा स्टँड आला. उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली हवेत, म्हणून पंखाखालून ते कापून खाली वळवले. आता कुणाची काही बोलायची सोय उरली नाही, अशा समाधानात होतो, तेवढ्यात चिरंजीवांनी कॉकपिटच्या काचेला डोळा लावला.

"चालवतंय कोण?"

उभ्या विमानात कोणी नसलं तर बिघडत नाही. हवेतल्या बी-17ला दहा माणसं लागतात. या प्रमाणात एकेक माणूस साडेतीन सेंटिमीटरचा, त्यामुळे सध्या मी भुवया रंगवतोय. कॉकपिटची काच कशी काढायची याचा विचार दहावी भुवई झाल्यावर करीन म्हणतो. शिवाय धडाला एवढी भोकं पडलीत, तर आत एकजण तरी जखमी हवा, यावर घरात एकमत आहे. मेहुण्यानं फोनवरून पायलटचं डोकं सुचवलं.

"छे," बायको म्हणाली. "डोक्याला लागलेले परत येत नाहीत. दंडाला दाखव."

डाव्या की उजव्या, यावर चर्चा चालू आहे.