नव्वदच्या दशकावर गहिवरायचं कसं?

चाळिशी आली की माणसाला दोन गोष्टी लागतात: जवळचा चष्मा आणि एक हक्काचं दशक. चष्म्याचा नंबर डॉक्टर काढून देतात. दशक आपलं आपण निवडायचं, असा एक भाबडा समज आहे. निवडबिवड काही नसते. तुम्ही १२ ते २२ वर्षांचे असताना जे वाजत होतं, तेच जगातलं शेवटचं चांगलं संगीत. तुमचे वडीलही अगदी हेच म्हणायचे, पण त्यांचं दशक वेगळं होतं. म्हणजे ते चुकत होते.

समजा, तुमच्या वाट्याला नव्वदचं दशक आलंय. सुरुवात कॅसेटपासून करा. विशीतलं एखादं पोर तावडीत सापडलं की षटकोनी पेन्सिल हातात घ्या आणि विचारा, "हिचा नि कॅसेटचा संबंध काय, सांग बरं?" त्याला सांगता येणार नाही. (येतं हो. आतापर्यंत प्रत्येक काकाने त्याला हेच विचारलेलं असतं. पण पोरं सभ्य असतात.) मग सावकाश रंगवून सांगा. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५. रेडिओवर गाणं लागेल म्हणून बटणावर बोट ठेवून बसणं. गाण्याच्या तोंडावरच निवेदकाची बडबड रेकॉर्ड होणं. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडणं आणि मग विचार बदलला की त्याच भोकावर चिकटपट्टी लावणं. टेपरेकॉर्डरने गिळलेली फीत श्वास रोखून बाहेर ओढणं आणि कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून ती परत गुंडाळणं. या सगळ्याला 'मजा' म्हणायचं. तेव्हा तुम्ही याला काय म्हणत होता, ते शब्द चारचौघांत नकोत. सीडी आल्यावर याच कॅसेटी खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि एमपीथ्री आल्यावर सीड्याही त्याच खोक्यात गेल्या, हेही नको.

आता मुख्य वाक्य. "तेव्हाचे गायक खरे गायचे!" हे डोळे मिटून म्हणायचं. उघडे ठेवले तर १९९० साल दिसतं. त्या वर्षी फेब्रुवारीत मिली व्हॅनिली या जोडीला नव्या कलाकारांसाठीचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं आणि नोव्हेंबरात ते काढून घेतलं गेलं, कारण अल्बमवरचा आवाज दोघांपैकी एकाचाही नव्हता. कुणी हे उकरून काढलंच तर "अपवाद!" म्हणा आणि थेट आजच्या ऑटोट्यूनवर घसरा. बेसूर गळा सुरात आणणारं हे सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९७ मध्ये. जमिनीखाली तेल शोधण्यासाठी लहरींचं गणित मांडणाऱ्या एका इंजिनिअरने ते केलं आणि १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्याने तो यांत्रिक, तुटक गळा जगभर पोचवला. म्हणजे पोर तुमच्याच दशकाचं. पण पोर बिघडलं की दोष संगतीला द्यायचा, ही रीत काही नवीन नाही.

गाण्यांची यादी करताना जरा जपून. १९९६ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 'मॅकारेना' हे नाचगाणं १४ आठवडे पहिल्या नंबरावर बसलं होतं. तेवढे १४ आठवडे जगभर वीज गेली होती, असं धरून चाला. डोक्यामागे हात धरून कंबर हलवतानाचा तुमचा फोटो कुणाकडे असेल, तर त्याच्याशी संबंध चांगले ठेवा. केसांविषयी आणि पँटींविषयी मी काही बोलत नाही.

"हल्ली लोक गाणी ऐकत नाहीत, बघतात," हेही एक हमखास वाक्य. यात एकच अडचण आहे. गाणं बघायची सवय लावणारी एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि तिने पहिलंच गाणं लावलं, ते रेडिओचे दिवस सरले म्हणून हळहळणारं. जमाना अजून उजाडायचा होता, सुस्कारा आधीच सुटला होता.

हे सगळं फार वाढलं तर डॉक्टरकडे जाण्यात अर्थ नाही. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस विद्यार्थ्याने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला तो रोगाचं नाव म्हणूनच. घरापासून लांब पडलेली माणसं झुरत, त्यांना तो लावला आणि उपाय सांगितला: घरी पाठवा. तुम्हाला कुठे पाठवणार? १९९४ ला गाडी जात नाही.

राहता राहिलं ते पोर. त्याच्या फोनवरचं एखादं गाणं चुकून आवडलंच, तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका. नाव तर मुळीच विचारू नका. वीस वर्षं थांबा. गुंतलेल्या वायरचे इअरफोन हातात धरून तो दुसऱ्या कुणा पोराला विचारत असेल, "हे काय असतं, सांग बरं?" तेव्हा शेजारी बसून मान डोलवा.