हात थरथरत होता, एवढंच नका सांगू

अलिबागजवळचं किहीम म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला सुट्टीचे बंगले आठवतात, पक्ष्यांचं वेड असलेल्यांना सालीम अली आणि त्यांनी तिथे अभ्यासलेली सुगरणीची घरटी. नसरीन मोहमदी फार थोड्यांना आठवते. भारतातल्या अमूर्त चित्रकलेत जिचं नाव अगदी पहिल्या रांगेत घ्यावं अशी ही बाई १९९० मध्ये याच किहीमला वारली. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

जन्म १९३७ चा, कराचीचा. आई फार लहानपणी गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. पुढे लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिक्षण, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस, आणि या सगळ्याच्या अधेमधे मुंबईतली भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट. वॉर्डन रोडवरच्या त्या वास्तूत रविशंकरांची सतार, अल्काझींचं नाटक आणि चित्रकारांचे स्टुडिओ एकत्र नांदत होते. अमूर्त चित्रं काढणारे आपले वासुदेव गायतोंडे तिथेच काम करायचे, आणि नसरीन त्यांना फार मानायची. १९७२ पासून ती बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवू लागली आणि जवळजवळ शेवटपर्यंत शिकवत राहिली.

तिच्याबद्दल कुठेही वाचा, एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तिला मज्जासंस्थेचा दुर्मीळ आजार होता, हातापायांच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, आणि तरीही ती सुतासारख्या सरळ रेषा काढायची. हे खरंच आहे, आणि विलक्षणही आहे. पण तिची सगळी जिद्द या एका गोष्टीत कोंबली जाते ते मला मनापासून खटकतं. जणू आजार झाला नसता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं!

मला तिची जिद्द दिसते ती तिने एकेक करून काय काय सोडलं त्यात. सुरुवातीला तिच्याकडे तैलरंग होते, जलरंग होते, झाडाझुडपांचा, किनाऱ्याचा भास देणारे आकार होते. सत्तरचं दशक येईपर्यंत कॅनव्हास गेला, रंग गेला, आकारही गेले. उरले कागद, शाई, पेन्सिल आणि आर्किटेक्ट वापरतात तसलं ड्राफ्टिंग टेबल. चित्रांना नावं द्यायची नाहीत, बहुतेकांवर तारीखही घालायची नाही. कमीत कमी ऐवजातून जास्तीत जास्त मिळवायचं, हा विचार तिच्या डायरीतही सापडतो. चित्र विकलं जाण्याची शक्यता जेवढी म्हणून कमी करता येईल तेवढी तिने केली, असं मला वाटतं. आणि हे सगळं धडधाकट तरुण वयात, पूर्ण शुद्धीत ठरवून.

बरं, हे कुठे? तर बडोद्यात. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख हे चित्रकार तिथलेच. माणसं रंगवणारी, गोष्ट सांगणारी चित्रं त्या काळात तिथे जोरात होती. १९८१ चं ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन त्याच विचाराचं, आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धनही त्यात होते. मला ती चित्रं प्राणाहून प्रिय आहेत. पण सगळा गाव माणसं रंगवत असताना एक बाई आपल्या टेबलाशी बसून रेषांमधलं अंतर मोजत राहते, आणि तरी या मंडळींशी तिची मैत्री टिकते, याला किती आतलं बळ लागत असेल! ‘तुझ्या चित्रात समाज कुठे आहे?’ हा प्रश्न आजही अमूर्त काम करणाऱ्या मुलींना विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो.

‘रेघा काय, कुणीही मारेल’ म्हणणाऱ्यांनी तिच्या एखाद्या चित्रासमोर पाच मिनिटं थांबावं. कागद जेमतेम दीड-दोन फुटांचा. तिरक्या रेषा निघतात त्या सुरुवातीला दाट, एकमेकींना जवळपास चिकटून. मग त्यांच्यातली फट केसाकेसाने रुंदावत जाते. शाई कुठे काळीकुट्ट, कुठे राखाडी, आणि एका जागी ती संपून पेन्सिल सुरू होते, इतकी पुसट की आपल्यालाच मागेपुढे सरकून ती शोधावी लागते. बघता बघता सपाट कागद एका बाजूने वर उचलला गेल्यासारखा वाटतो. शाईला खाडाखोड चालत नाही. शेकडो रेषांतली एक जाड पडली की तो कागद गेला. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला हे पटकन कळेल, तिथेही एक सूर उतरला तर बाकीचे वाचवू शकत नाहीत.

ऐंशीच्या दशकात आजार वाढत गेला आणि चित्रं आणखी मोकळी होत गेली. रेषांचं दाट विणकाम सुटलं. मोठ्या कोऱ्या कागदावर तरंगणारा एखादा त्रिकोण, एखादी कमान, बस्स. शरीर जड होत असताना चित्रातलं वजन कमी कमी होत गेलं. मला तिचं हे शेवटचं काम सर्वांत जास्त आवडतं.

ती फोटोही काढायची. मागावरचे ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीची फरशी, समुद्रकाठची वाळू. हयातीत तिने ते कधीच प्रदर्शनात मांडले नाहीत.

जगाला ती उशिरा दिसली. २००७ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात, मग २०१३ मध्ये दिल्लीला किरण नाडर म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन. ते मांडलं रूबिना करोडे यांनी, ज्या बडोद्यात तिच्याच विद्यार्थिनी. पुढे माद्रिदचं रेना सोफिया संग्रहालय, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत ती होती. आपल्याकडे मात्र चित्रकलेच्या मराठी गप्पांत तिचं नाव क्वचितच निघतं. अलिबागच्या शेजारी गेलेली, मुंबईत घडलेली ही चित्रकार शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला मुलांना का दाखवू नये? पट्टी, पेन्सिल आणि कागद प्रत्येक दप्तरात असतातच.

कुठे प्रदर्शनात तिचं काम लागलेलं दिसलं तर नक्की जा. मोबाइलवर बघून मत बनवू नका, पडद्यावर त्या पेन्सिलच्या रेषा नाहीशाच होतात आणि उरतो तो नुसता आलेख. आधी लांबून बघा, मग कागदाच्या अगदी जवळ जा, आणि निघण्याआधी एकदा बाजूने तिरकं बघा.