रस्त्यावर नियम नसतात, म्हणून ज्युदो नको?

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीनं एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ होती, "ताई, मग हिचा क्लास बंद करू का?" तिची लेक नववीत आहे, दीड वर्षापासून ज्युदोला जाते. हाच मजकूर त्याआधी मला आणखी तीन ग्रुपवर दिसला होता, म्हणून एकटीला उत्तर न देता सविस्तरच लिहिते.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग, कराटे हे सगळे खेळ. खेळाला नियम असतात, रस्त्यावर नसतात. तेव्हा मुलींना वर्षानुवर्षं क्लासला घालून पैसे वाया घालवू नका. एका रविवारच्या शिबिरात डोळे, गळा आणि जांघेवर वार करायला शिकवा, त्याला ताकद लागत नाही. चाकू हिसकावण्याचा डाव शिकवा. आणि क्लास लावायचाच असेल तर फक्त क्राव मागाचा, कारण ती इस्रायली लष्कराची विद्या आहे.

"खेळाला नियम असतात" हा मुद्दा पटकन पटतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चुकीचा आहे. नियम कशासाठी आले ते बघा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन परंपरा शिकलेले होते. त्यांत वार होते, सांधे मोडण्याचे डाव होते. असे डाव जोडीदारावर पूर्ण जोरानं करता येत नाहीत. केले तर उद्या सरावाला जोडीदारच उरणार नाही. मग ते हवेत करायचे, नाहीतर ठरवून, अलगद. कानोंनी धोकादायक प्रकार 'काता'मध्ये, म्हणजे आधीच ठरवलेल्या हालचालींच्या सरावात, ठेवले आणि उरलेले डाव 'रांदोरी'त, म्हणजे मोकळ्या लढतीत, पूर्ण ताकदीनं करायला लावले. नियमांचा फायदा हा, की आपल्याला पाडायला निघालेल्या माणसावर रोज डाव टाकून बघता येतो. आपल्याकडे तालमीत लाल मातीवर हेच चालतं. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, काढणाऱ्या पोरानं तो पट अशा जोडीदारांवर शेकडो वेळा काढलेला असतो, ज्यांना तो काढू द्यायचा नसतो.

माझी पहिली रांदोरी मला अजून आठवते. आठ महिने डाव घोटले होते, सर "छान" म्हणायचे. समोर माझ्याहून दहा किलोंनी जड मुलगी आली. तिनं माझी कॉलर आणि बाही धरली आणि खाली ओढली. बस, तेवढंच. माझा श्वास अडकला, हात ताठ झाले आणि शिकलेला एकही डाव आठवला नाही. तिसऱ्या सेकंदाला मी पाठीवर होते. पुढच्या दोन महिन्यांत मी शंभरेक वेळा तरी पडले असेन, आणि मग एक दिवस ती ओढत असताना माझा श्वास नीट चालू होता. कोणी अंगावर आलं की डोकं बंद पडतं; ते बंद पडू नये याची सवय शरीराला लावावी लागते आणि ती भिडल्याशिवाय लागत नाही.

आता डोळे आणि जांघ. "ताकद लागत नाही" म्हणणाऱ्यांनी 1995 ची एक लढत माहीत करून घ्यावी. तोक्योच्या बुदोकानमध्ये जवळपास काहीही चालेल अशी स्पर्धा होती. युकी नाकाई हा सत्तर किलोंचा जपानी खेळाडू जेरार्ड गोर्डो या डच खेळाडूसमोर होता, जो त्याच्याहून जवळपास तीस किलोंनी जड. गोर्डोनं नियम मोडून नाकाईच्या डोळ्यात बोट घातलं. नाकाईचा उजवा डोळा कायमचा गेला. तरी तो थांबला नाही. त्यानं गोर्डोचा पाय पिरगळून त्याला हार मानायला लावली, त्याच संध्याकाळी पुढची लढतही जिंकली आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. माझं म्हणणं इतकंच, की डोळ्यावरचा वार म्हणजे माणूस खाली, असं गणित नसतं. जांघेवरच्या लाथेचंही तेच; बसली तर बसली, पण हलणाऱ्या, धरून ठेवलेल्या, भडकलेल्या माणसावर नेम साधणं हेच मुळात कौशल्य आहे. ज्याला पकड सोडवता येते आणि तोल सांभाळता येतो, त्याला डोळ्यापर्यंत पोहोचता येतं. उलटं होत नाही.

चाकूचं तर घरीच करून बघा. जुना पांढरा टी-शर्ट घाला, मैत्रिणीच्या हातात लाल मार्कर द्या आणि तिला सांगा, मनापासून हल्ला कर, मी हिसकावणार आहे. आमच्या बॅचमध्ये आम्ही हे केलं. हिसकावायला सहा वर्षं शिकलेली चपळ मुलगी होती. दहा सेकंदांत मार्कर तिच्या हातात आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टी-शर्ट बघितला: पोटावर चार रेघा, छातीवर दोन, मनगटाच्या आतल्या बाजूला एक लांब, आणि कानाखाली मानेवर एक. टाळ्या आपोआप थांबल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे चाकूचं उत्तर एकच: पर्स द्या, फोन द्या, अंतर वाढवा, पळा. पळायला जागाच नसेल तर चाकूचा हात दोन्ही हातांनी पकडून सोडायचा नाही, पण तो अगदी शेवटचा पर्याय म्हणून शिकवतो.

क्राव मागाबद्दल मला आदर आहे. तिचे जनक इमी लिख्टेनफेल्ड ब्रातिस्लाव्हात वाढले आणि तिथल्या 1930 च्या दशकातल्या ज्यूविरोधी टोळ्यांशी रस्त्यावर लढले. रिंगणातलं सगळं रस्त्यावर तसंच्या तसं चालत नाही, हे त्यांनी अनुभवलं. फॉरवर्डमधला एवढा भाग खरा आहे. पण त्या रस्त्यावर उतरले तेव्हा ते कसलेले कुस्तीगीर आणि बॉक्सर होते. तो पाया वगळून वरचा मजला विकत घेता येत नाही. चांगल्या क्राव मागा वर्गात जोरदार लढती होतात, तिथे जरूर जा. काही ठिकाणी मात्र समोरचा हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि आपण त्याच्यावर चार वार करतो. कराटेचंही तसंच आहे. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात अंगावर पूर्ण जोरानं मारतात, आणि दुसरीकडे वर्षभर ओळीत उभं राहून हवेत ठोसे चालतात. पाटीवर दोन्हीकडे कराटेच लिहिलेलं असतं.

एका रविवारच्या शिबिराबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण थोडक्या वेळात काहीच शिकवता येत नाही असं मी म्हणणार नाही. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींवर अभ्यास केला. तो 2015 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अर्ध्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण, अर्ध्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के, इतरांत 9.8 टक्के. फरक मोठा आहे. पण त्या बारा तासांत मारामारीचा वाटा लहान होता. बराचसा वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, "याला वाईट वाटेल" हा संकोच ओलांडणं आणि मोठ्यानं, स्पष्ट नाही म्हणणं यावर गेला.

आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कुठे नाही. त्यातला हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मित्र. त्याच्या डोळ्यात बोट घालायला मुलीचा हात उठतच नाही, आणि उठला तरी घरी काय सांगायचं हा प्रश्न तिच्या मनात आधी येतो. त्यासाठी घरात आधीच बोलून ठेवावं लागतं. कायदा तिच्या बाजूनं आहे, हेही तिला सांगा: भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. गरजेपेक्षा जास्त इजा मात्र करता येत नाही, त्यामुळे सुटका झाली की मारत राहायचं नाही, निघायचं आणि 112 ला फोन करायचा.

बहिणीला मी कळवलं: क्लास बंद करू नकोस, पण एक दिवस स्वतः जाऊन बाकावर बस. मुली दर आठवड्याला एकमेकींशी पूर्ण जोरानं भिडतात का ते बघ. हरलेली मुलगी पुन्हा उठून उभी राहते का, आणि शिक्षक तिला काय सांगतात ते ऐक. वेगवेगळ्या वजनाच्या जोड्या लावतात का? थांब म्हटलं की लगेच सोडतात का? घराजवळ ज्युदो असेल तर ज्युदो, तालीम मुलींना घेत असेल तर कुस्ती, नाहीतर बॉक्सिंग. रोज जाता येईल असा, वीस मिनिटांच्या आतला क्लास बघ.

काल रात्री तिचा फोन आला. बसून आली होती. म्हणाली, "ताई, अगं तिला एका मुलीनं चार वेळा पाडलं, आणि पाचव्यांदा ही उठून स्वतःच तिची बाही धरायला गेली."